योसेफ, आजची गुलामी आणि घरच्यांना माफ करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचे ३७ ते ५० हे अध्याय, म्हणजे योसेफाची गोष्ट, अभ्यासाला घेतले की नंतर मेसेज येतातच, काही अभ्यासाचे, आणि काही असे की उत्तर टाईप करायला धीर गोळा करावा लागतो. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, नावं-गावं काढून, शक्यतो लोकांच्याच शब्दात. ज्यांच्यावर हे स्वतः गुदरलंय त्यांनी प्रश्न ७ आणि ८ आधी वाचले तरी चालेल.

१. योसेफाची गोष्ट संडेस्कूलमध्ये ऐकलीय, पण ती तर स्वप्नांची गोष्ट आहे ना, गुलामीशी तिचा काय संबंध?

स्वप्नं आहेतच, पण गोष्ट उभी आहे माणूस विकण्यावर. १७ वर्षांचा मुलगा, वडिलांनी भावांची खबर आणायला पाठवलेला, शखेमला ते सापडत नाहीत म्हणून शोधत शोधत दोथानला जातो. भाऊ त्याचा पायघोळ झगा काढून घेतात, त्याला कोरड्या खड्ड्यात टाकतात आणि जेवायला बसतात (उत्पत्ती ३७:२५, म्हणजे अध्याय ३७, वचन २५). मला तर हे जेवायला बसणं अख्ख्या अध्यायातलं सगळ्यात भयंकर वाटतं. मग मिसरकडे (इजिप्तकडे) मसाले घेऊन चाललेला काफिला दिसतो आणि त्यांच्यातला यहूदा म्हणतो मारून आपल्याला काय मिळणार, विकून टाकू, आणि चांदीच्या २० नाण्यांवर सौदा होतो. घरी बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा पाठवतात आणि ज्यांनी विकलं तेच बापाचं सांत्वन करायला बसतात. पुढे मिसरात तो गुलाम, मग कैदी, मग तिथल्या राजाचा म्हणजे फारोचा मोठा अधिकारी होतो आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्यापुढे येतात. तस्करीच्या केसेस ज्यांनी जवळून बघितल्यात त्यांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. विश्वासातला माणूस, ओसाड जागा, मधले व्यापारी, परका मुलूख जिथली भाषा येत नाही, आणि घरच्यांना सांगायला एक तयार कहाणी.

२. पण आज खरंच गुलामी आहे का? आपल्याकडे तर कायद्याने बंद आहे.

बंद आहे, आणि आहेही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी २०२२ मध्ये जो अंदाज दिला त्यानुसार २०२१ साली जगात जवळपास ५ कोटी लोक आधुनिक गुलामीत होते, त्यातले साधारण २ कोटी ८० लाख सक्तीच्या मजुरीत आणि २ कोटी २० लाख जबरदस्तीच्या लग्नात. आता साखळदंड लागत नाहीत, पासपोर्ट काढून घेतला, कर्ज डोक्यावर ठेवलं, गावाकडच्या माणसांना धमकी दिली की काम होतं. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरचा जॉब आहे सांगून म्यानमारच्या म्यावड्डी भागात नेलेली आणि तिथे कुंपणाच्या आत ऑनलाइन फसवणुकीचं काम करायला लावलेली सुशिक्षित भारतीय पोरं, हे तर अगदी आत्ताचं आहे.

आणि लांब जायचीही गरज नाही. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी भागातल्या कातकरी कुटुंबातली लहान मुलं थोडेसे पैसे आणि एखादी मेंढी देऊन मेंढ्या राखायला नेल्याचं उघड झालं होतं, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. २० नाणी आणि एक मेंढी यात फार अंतर नाही.

३. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर लोक आपल्या मर्जीने जातात, उचल घेतात, मग त्याला गुलामी कसं म्हणायचं?

उचल घेतली म्हणजे लगेच गुलामी असं नाही, हे आधी मान्य करू. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही, हिशोबाची वही मुकादमाकडे, मजुरी किती धरली ते कळत नाही, आजारी पडलं तर खाडा लावून उचलीत भर, आणि सोडून आलात तर माणसं घरी येऊन उचलून नेतात, हे सगळं एकत्र आलं की ती वेठबिगारीच झाली. राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचं कर्ज रद्दच ठरतं, आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, कारण पोटाची अडचण हासुद्धा जोरच असतो.

शास्त्रात याला सगळ्यात जवळचा अध्याय योसेफाचा नाही, नहेम्या ५ आहे, आणि का कोण जाणे त्यावर उपदेश फार कमी ऐकू येतो. दुष्काळ पडलाय, लोकांनी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत, राजाचा कर भरायला कर्ज काढलंय आणि आता पोटची पोरं दास म्हणून द्यावी लागतायत, काही मुली आधीच गेल्यात. आणि सावकार कोण, तर आपलेच यहूदी भाऊबंद. नहेम्या, तिथला सुभेदार, चिडतो, विचार करतो, मोठी सभा बोलावतो, सरदारांना सगळ्यांसमोर सुनावतो आणि म्हणतो शेतं, मळे, घरं आणि व्याज आजच्या आज परत करा. वर याजकांसमोर शपथ घ्यायला लावतो, नुसत्या हो हो वर सोडत नाही. मजुरी अडवून ठेवण्याबद्दल बायबलमधल्याच अनुवाद या पुस्तकातलं २४:१५ आणि याकोब ५:४ पण वाचा, तिथे अडवलेली मजुरीच देवाकडे ओरड करते.

४. बायबलमध्येच दास ठेवायचे नियम आहेत, पौल पण म्हणतो "दासांनो, आज्ञा पाळा". मग बायबल कोणत्या बाजूला आहे?

हा प्रश्न टाळू नये, प्रामाणिक प्रश्न आहे. जुन्या करारात दासपणा आहे, आणि लेवीय २५ मध्ये परक्या दासांबद्दल जे लिहिलंय ते आज वाचताना टोचतं, टोचायलाच पाहिजे. पण त्याच नियमशास्त्रात माणूस चोरून विकणाऱ्याला मरणदंड आहे (निर्गम २१:१६), सातव्या वर्षी इब्री दासाला सोडायचं आणि रिकाम्या हाताने नाही पाठवायचं (अनुवाद १५:१३), आणि मालकाकडून पळून आलेल्याला परत मालकाच्या हवाली करायचं नाही (अनुवाद २३:१५). नव्या करारात १ तीमथ्य १:१० मध्ये माणसं पळवून विकणारे खुन्यांच्या यादीत बसवलेत, १ करिंथ ७:२१ म्हणतं मोकळं होता येत असेल तर हो, आणि इफिस ६ मध्ये दासांनंतर मालकांचा नंबर लागतो, त्यांना धमक्या देणं सोडा असं सांगितलंय, ते वचन कुणी फ्रेम करून लावत नाही.

वचनं निवडून वापरली की काय होतं त्याचा पुरावा इतिहासात आहे. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी कापलेलं बायबल छापलं गेलं, त्यात मोशेने लोकांना मिसरातून सोडवलं तो भाग गाळला आणि योसेफाची गोष्ट मात्र ठेवली. म्हणजे आज्ञाधारक गुलाम दाखवायचा, सुटका नाही दाखवायची. म्हणून योसेफाची गोष्ट कोण कुणाला कशासाठी सांगतंय हे मी आधी बघते. प्रश्न ७ चं मूळ इथेच आहे.

५. मला घरच्यांनीच फसवलं, आणि आता तेच म्हणतात "आईबापाचा मान राख" ही आज्ञा आहे. मग मी तोंड उघडलं तर पाप होईल का?

नाही होणार. मान राखणं म्हणजे त्यांचा गुन्हा झाकणं असं शास्त्रात कुठेच नाही. उलट शास्त्र घरातली घाण ज्या उघडपणे लिहून ठेवतं तसं आपल्याकडे कुणी लिहिणार नाही. २ शमुवेल १३ बघा, दावीद राजाच्या घरात अम्नोन सावत्र बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो, भाऊ अबशालोम तिला म्हणतो गप्प राहा तो तुझा भाऊ आहे, बाप रागावतो पण काही करत नाही. तामार मात्र गप्प बसलेली नाही, ती दुःखाने डोक्यावर राख टाकून, झगा फाडून, रस्त्याने मोठ्याने रडत गेलीय. घर उद्ध्वस्त झालं ते बाकीच्यांच्या गप्प बसण्याने, तिच्या रडण्याने नाही.

योसेफसुद्धा तुरुंगात फारोच्या प्यालेबरदाराला (राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला) स्पष्ट सांगतो की मला इब्री लोकांच्या देशातून चोरून आणलंय आणि इथेही मी काही केलेलं नाही (४०:१५). भावांची नावं घेत नाही, पण गुन्ह्याला गुन्हा म्हणतो. किती सांगायचं, कुणाला सांगायचं हे तो ठरवतो, तुम्हीही ठरवा.

६. योसेफाने मुलाचं नाव मनश्शे ठेवलं कारण देवाने त्याला सगळं विसरायला लावलं. म्हणजे क्षमा म्हणजे विसरणं ना?

४१:५१ मध्ये तो तसं म्हणतो खरं, पण पुढच्याच अध्यायात भाऊ समोर आले आणि त्याला सगळं आठवलं, स्वप्नंसुद्धा, आणि तो बाजूला जाऊन रडला. त्यानंतर ४३, ४५ आणि ५० व्या अध्यायातही तो रडतो. विसरलेला माणूस इतका रडत नाही. तेव्हा तुम्हाला अजून आठवतं, स्वप्नात येतं, विशिष्ट वास आला की छातीत धडधडतं, याचा अर्थ तुम्ही क्षमा केलेली नाही असा कुणी काढला तर ऐकू नका.

७. "तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं" हे वचन तस्करीतून सुटलेल्या मुलीला सांगायचं का? आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नेहमी सांगतात.

नका सांगू. यावर माझं मत ठाम आहे. ५०:२० हे वाक्य शास्त्रात एकच माणूस म्हणतो, ज्याला विकलं तो. बाप याकोब त्याला हे म्हणत नाही, फारो म्हणत नाही, आणि भाऊ तर नाहीच नाही. आणि केव्हा म्हणतो ते बघा, १७ व्या वर्षी विकला गेला, ३० व्या वर्षी फारोपुढे उभा राहिला, मग सात वर्षं सुगीची आणि दोन दुष्काळाची गेल्यावर भावांना ओळख दिली म्हणजे २२ वर्षं, आणि ५०:२० तर त्याच्याही १७ वर्षं पुढे, बाप वारल्यावर. विहिरीसारख्या त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून खाली कुणी असं म्हणालं असतं तर ते क्रौर्य झालं असतं. खड्ड्यातून तो काय करत होता ते ४२:२१ मध्ये भावांच्या तोंडून कळतं, गयावया करत होता आणि त्यांनी ऐकलं नाही.

शिवाय त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग लोक गिळून टाकतात. "तुम्ही माझं वाईट योजलं." गोड बोलून तो ते झाकत नाही. सुटून आलेल्या मुलीने दहा वर्षांनी स्वतः म्हटलं की देवाने यातूनही काहीतरी केलं तर आपण हात जोडून ऐकावं, आणि तिने आयुष्यभर नाही म्हटलं तरी तिच्या विश्वासात काही कमी आहे असं समजू नये. तोपर्यंत तिला जेवण, कागदपत्रं, डॉक्टर, शिक्षण आणि दाराला आतून लागणारी कडी यांची गरज आहे. पंडिता रमाबाईंनी हेच ओळखलं होतं, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणि विधवा आणल्या त्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, आणि तिथे प्रार्थनेसोबत शाळा होती, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रिकाम्या हाताने पाठवू नका हे वचन असं पाळलं जातं.

८. योसेफाने भावांना ओळखल्यावर लगेच माफ का केलं नाही? उलट त्यांना हेर म्हणाला, शिमोनला कोंडलं, प्याला लपवला. हा सूड नव्हता का?

काही जण सूडच म्हणतात, आणि त्यात थोडा राग असेलही, तो दगडाचा नव्हता. पण तो नेमकं काय तपासतोय ते पाहिलं की चित्र बदलतं. त्याच्याच आईचा, राहेलचा, दुसरा मुलगा बन्यामीन अजून त्याच भावांच्या घरी आहे, बापाचा लाडका. जे माझं केलं ते याचंही करतील का, हे त्याला कळायलाच हवं होतं. म्हणून प्याला बन्यामीनच्या गोणीत जातो आणि भावांपुढे तीच संधी परत येते, या लाडक्याला मिसरात गुलाम म्हणून सोडा आणि मोकळे घरी जा.

आणि पुढे कोण येतो, तर यहूदा, ज्याने विकायची कल्पना काढली होती तोच, आणि म्हणतो पोराच्या ऐवजी मला दास करून ठेवा (४४:३३). यानंतरच योसेफाला आवरत नाही. म्हणजे क्षमेची इच्छा आधीपासून असेल पण ओळख देणं, जवळ घेणं, एकत्र राहणं हे तेव्हाच झालं जेव्हा माणूस बदललाय हे वागण्यातून दिसलं. "आम्ही चुकलो" हे शब्द तर ते ४२ व्या अध्यायातच आपसात बोलले होते आणि योसेफाने ऐकले होते, पण तेवढ्यावर तो थांबला नाही.

अजून एक गोष्ट फार कमी जण बोलतात. त्या भेटीत सगळी सत्ता योसेफाच्या हातात आहे. धान्य त्याचं, पहारेकरी त्याचे, भाऊ त्याला इजा करू शकत नाहीत. आपण मात्र पीडित व्यक्तीला ज्या घरात तिचं काही चालत नाही त्याच घरात नेऊन समेट करायला लावतो आणि वर योसेफाचा दाखला देतो. हे उलटं आहे.

९. येशूने सत्तर वेळा सात क्षमा करा सांगितलं, म्हणून पाळक म्हणतात परत सासरी जा. काय करू?

जीवाला, शरीराला धोका असेल तर जाऊ नका. मत्तय १८ पूर्ण वाचा. किती वेळा क्षमा करू हा पेत्राचा प्रश्न येतो २१ व्या वचनात आणि सत्तर वेळा सात हे येशूचं उत्तर २२ व्या. त्याआधी सहाव्या वचनात लहानांना अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवणं बरं असं येशू म्हणतो, आणि १५ ते १७ मध्ये अपराध तोंडावर सांगा, साक्षीदार न्या, मंडळीला सांगा, तरी ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समजा असा क्रम आहे. लूक १७:३ पण आहे, "पश्चात्ताप केला तर". क्षमा मनात होऊ शकते, एकटीने होऊ शकते. एकत्र राहणं दोघांवर अवलंबून असतं आणि त्याच्या अटी प्रश्न ८ मध्ये आल्यात. स्वतः दावीदाने त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला दोनदा जिवंत सोडलं पण त्याच्या घरी राहायला परत गेला नाही.

१०. मी क्षमा केली, मग पोलीस केस मागे घ्यायला हवी का? नातेवाईक खूप मागे लागलेत.

दोन वेगळी खाती आहेत. तुमचा राग, तुमचा सूडाचा हक्क, हे तुम्ही देवाकडे सोपवू शकता. पण रोम १३ प्रमाणे गुन्ह्याला शिक्षा देणं हे शासनाचं काम, ते तुमच्या मनाच्या अवस्थेवर चालत नाही. मानवी तस्करी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ खालचा गुन्हा आहे (१ जुलै २०२४ पासून) आणि तो घरात बसून आपसात मिटवता येत नाही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्याने ज्याला ज्याला माहिती आहे त्या प्रत्येकाने कळवणं बंधनकारक आहे, पाळकालाही सूट नाही. आणि एक साधा विचार करा, ज्या दलालाने तुम्हाला नेलं तो उद्या दुसऱ्या पोरीला नेणार आहे. तुमच्या क्षमेची किंमत तिने का मोजावी?

११. ज्याने केलं तो मेला. किंवा जिवंत आहे पण मानतच नाही. अशाला माफ कसं करायचं?

समेट होणार नाही, हे आधी स्वीकारावं लागतं, आणि त्याचंही दुःख असतं. स्तोत्र ५५ वाचा, शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं पण तो तूच, माझा सोबती, असं तिथे आहे, आणि तो माणूस काही गोड प्रार्थना करत नाही, चिडून करतो. अशी प्रार्थना देव ऐकतो. क्षमा आज जमली नाही तर आज नाही.

१२. माझा प्रश्न उलटा आहे. मी त्या भावांपैकी आहे. आमच्या घरातल्या मुलीला कामाला पाठवलं, पैसे घेतले, तिचं पुढे काय झालं ते माहीत होतं.

तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. शास्त्र तुमच्यासाठी दार बंद करत नाही, पण दारातून आत येताना हात रिकामे ठेवून येता येत नाही. जक्कय नावाच्या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणून सांगितलं (लूक १९:८). यहूदाने स्वतःला देऊ केलं. तर मुलगी अजून तिथे असेल तर आजच पोलिसांना सांगा, ११२ वर फोन करा, तुमच्यावर केस होईल या भीतीपेक्षा तिचा एक दिवस मोठा आहे. ती सुटून आली असेल तर तिच्याकडे माफी मागायला थेट जाऊ नका, तिला तुमचं तोंड बघायचंय का हे आधी दुसऱ्या कुणाकडून विचारा आणि नाही आलं तर नाही. तिच्या पुढच्या आयुष्याचा खर्च मात्र तिने न मागता उचलायला सुरुवात करा. आणि क्षमा मिळाली तरी मन लगेच हलकं होईल असं समजू नका, योसेफाने गळ्यात पडून क्षमा केली त्याला १७ वर्षं झाली तरी बाप गेल्यावर भावांना परत धडकी भरली होती.

१३. पण योसेफानेच पुढे मिसरच्या लोकांना फारोचे दास केलं ना? मग त्याचं काय शिकायचं?

हो, उत्पत्ती ४७. आधी लोकांचे पैसे संपले, मग गुरं दिली, मग जमीन, शेवटी स्वतःला. योसेफाच्या बाजूने सांगतात की लोकांनी स्वतः मागितलं, जीव वाचले, आणि पाचवा हिस्सा म्हणजे काही फार नव्हता. मला हे पटत नाही. भुकेल्याची मर्जी ही मर्जी नसते (प्रश्न ३ बघा), आणि कोठारात साठवलेलं धान्य त्याच लोकांच्या शेतातलं होतं. शास्त्र इथे त्याला शाबासकी देत नाही आणि रागवतही नाही, नुसतं लिहून ठेवतं, पण पान उलटलं की निर्गम १ मध्ये योसेफाला न ओळखणारा राजा येतो आणि त्याच देशात त्याचे वंशज विटा थापायला लागतात. विकला गेलेला माणूसही सत्तेत गेल्यावर दुसऱ्याला विकत घेऊ शकतो. घरात कामाला ठेवलेल्या मुलीची सुट्टी, पगार, झोपायची जागा हे आपणही तपासायला हवं.

१४. पौलाने पळालेल्या अनेसिम नावाच्या दासाला मालकाकडे परत पाठवलं. मग सुटलेल्याला परत पाठवणं बरोबर आहे का?

नाही. पौलाने त्याला आपल्या हातचं पत्र देऊन पाठवलं, आता दास म्हणून घेऊ नको, प्रिय बंधू म्हणून घे, मला घेशील तसा घे, आणि त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड (फिलेमोन १६ ते १८). म्हणजे कर्ज पौलाने अंगावर घेतलं आणि स्वतः येऊन बघणार आहे असंही कळवलं. ज्या कुणाला मजुराला भट्टीवर परत पाठवायचंय त्याने आधी एवढं करावं.

१५. आमच्या ओळखीत असं काही दिसलं तर नेमकं काय करायचं?

स्वतः जाऊन भांडू नका, मालक रातोरात माणसं हलवतो. मूल असेल तर १०९८, बाई असेल तर १८१, तातडीचं असेल तर ११२. वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताकडे लेखी द्यायची, आणि सुटका झाल्यावर मुक्ततेचा दाखला घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, कारण पुनर्वसनाची मदत (२०१६ च्या केंद्रीय योजनेत परिस्थितीप्रमाणे १ ते ३ लाख) त्या दाखल्यावर अवलंबून असते. मंडळीने गाडी, वकील, आणि पहिल्या काही महिन्यांचं रेशन बघावं. साक्ष द्यायला स्टेजवर बोलावू नये, फोटो तर अजिबात नको.

१६. मला आईने विकलं होतं. आता ती म्हातारी झालीय, आजारी आहे, बघायला कुणी नाही. मी तिला घरी आणावं का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच येतो आणि एकापेक्षा जास्त जणींकडून आलाय. योसेफाने घरच्यांना पोसलं हे खरं, ५०:२१ मध्ये तुमचं आणि तुमच्या मुलाबाळांचं मी बघेन असं तो म्हणतो. पण त्यांना राहायला त्याने गोशेन प्रांत दिला, स्वतःच्या वाड्यात आणून ठेवलं नाही. तेवढं अंतर तुम्हालाही ठेवता येतं. औषधाचे पैसे मेडिकलवाल्याला परस्पर देता येतात, शेजारच्या बाईला डब्याचं सांगता येतं, मंडळीतल्या बहिणी आळीपाळीने जाऊ शकतात आणि तुम्हाला तिचं तोंडही बघावं लागत नाही. घरी तुमच्या मुली असतील तर आणू नका, यावर दुसरा विचार नको. ते पैसेही द्यायला मन होत नसेल तर मंडळीला सांगा आमच्याने होणार नाही, तुम्ही बघा, आणि त्यांनी बघावं. आणि आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली तिने किंवा तिच्या वतीने कुणी निर्वाहखर्चासाठी अर्ज केला तर घाबरून सही करू नका, वकिलाला आधी सगळी जुनी हकीकत सांगा, सुटकेचे, केसचे जे कागद असतील ते सोबत न्या.